भरतीच्या वेळची बालवाडी

आमची बालवाडी घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. ओहोटी लागली की बायका शिंपले वेचायला चिखलात उतरतात आणि जाताना पोरं माझ्या हवाली करतात. पाणी परतलं की घेऊन जातात. त्यामुळे आज दुपारी, पुढच्या आठवड्यात सकाळी, असं आमचं चाललेलं असतं. बेटावर कुणाला यात वावगं वाटत नाही. ऐन भरतीला आया घरी जरा आडव्या होतात आणि पोरं त्यांच्या कुशीत.

पण पलीकडच्या ऑफिसातून मॅडम येणार म्हटल्यावर आमचं धाबं दणाणलं. मुलं मूठभर, तेव्हा बालवाडी बंद करायची आणि त्यांना रोज होडीने पलीकडच्या मोठ्या शाळेत न्यायचं, असं तिथे घाटत होतं. तीन-चार वर्षांची पोरं! त्यांना विचारलं कुणी? आयांना तरी विचारलं? मी भांडायची जय्यत तयारी करून बसले होते. मॅडम दहाला येणार होत्या, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, एक दिवस आपणही दहालाच भरवू. शहाणपणा सुचला तो हा असा.

दहाला पाणी काठोकाठ होतं. मॅडम दारात आल्या तेव्हा माझी झाडून सगळी पोरं झोपली होती. जी चिमणी गाणं म्हणून दाखवणार होती, तिच्या तोंडात अंगठा. ज्याचं रडणं धक्क्यापर्यंत ऐकू जातं तो भोंगा चटईवर उताणा. खिडकीखाली पाणी चुबुक चुबुक करत होतं आणि त्यावरचे कवडसे छतावर, भिंतींवर, पोरांच्या पोटांवर हलत होते. सगळी खोलीच तरंगत निघाल्यासारखी वाटत होती.

"रोज असंच असतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"छे हो, आज तुमच्यासाठी मुद्दाम लवकर भरवली," मी बोलून गेले आणि जीभ चावली. मग एकेकाला हलवायला लागले. "ऊठ रे सोन्या, ऊठ."

"राहू द्या बाई. झोपमोड करून मी काय विचारणार त्यांना?"

त्या चपला काढून भिंतीला टेकून बसल्या. चिमणी झोपेतच घरंगळत गेली, तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं. होडीवाले म्हणजे माझे दीर. पाणी उतरतंय म्हणून त्यांनी दारातून दोनदा खुणावलं. मॅडमनी नुसतं मांडीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने त्यांचाही डोळा लागला. आता झोपलेल्या बाईशी भांडणार कसं?

पाणी मागे गेलं, खिडकीखालचा आवाज थांबला, तशी पोरं आपोआप जागी झाली. होडी एव्हाना चिखलात रुतली होती. बायका टोपल्या घेऊन लांबवर ठिपक्यांएवढ्या झाल्या होत्या. पोरांनी मॅडमना सरळ नवीन मूल समजून टाकलं. नवीन मूल एवढं मोठं कसं, हा प्रश्न एकालाही पडला नाही. चिमणीने त्यांना चटईवर जागा करून दिली. भोंग्याने समजूत घातली.

"रडू नको हं. पाणी आलं की आई येते."

मॅडमनी त्यांच्याबरोबर मातीचे मासे केले, भांडणं सोडवली, एक भांडण स्वतःही केलं. मग भोंग्याला जवळ घेऊन विचारलं, "पलीकडच्या शाळेत येशील? तिथे मोठी घसरगुंडी आहे."

भोंग्याने बराच विचार केला. "पाणी आलं की तिथे आई येते?"

मॅडमनी हातातला मातीचा मासा हळूच खाली ठेवला.

ऊन कललं, पाणी चढायला लागलं. बायका पाय धुऊन दारात उभ्या राहिल्या. पण एकही पोर जागचं हलेना.

"काय झालं यांना?" मॅडम म्हणाल्या.

"शेवटच्या मुलाला न्यायला कुणी आल्याशिवाय इथून कुणी जात नाही," मी म्हणाले. "पोरांनीच पाडलेली रीत आहे. आज शेवटच्या तुम्ही."

बायकांनी भरलेल्या टोपल्या खाली ठेवल्या आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या. मॅडमनी मान फिरवली. अखेर दीर धापा टाकत आले. "चला मॅडम, होडी तरंगली."

"हे तुझे बाबा?" चिमणीने मॅडमना विचारलं.

अख्ख्या बेटाशी हुज्जत घालणारे माझे दीर मुकाट्याने "हो" म्हणाले. पोरं टणाटण उठली.

"बाई, मुलांसाठी होडी येणार नाही. मी येऊ देणार नाही," मॅडम म्हणाल्या. "माझी मुलगी त्या मोठ्या शाळेत जाते. रोज तीच शेवटची असते. तिच्यासाठी कुणी थांबत नाही."

आईचा हात धरून निघालेला भोंगा मागे वळला.

"तिला इथे आण," तो म्हणाला.