तळावरचे ठसे

१४ जानेवारी, बुधवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी व्हर्लिन स्टूक्सबरी सिंकिंग क्रीक तलावाच्या तळावर उतरला आणि वीस पावलांवर थांबला. चिखलात दोन माणसांच्या बुटांचे ठसे होते.

हिवाळ्यात हा तलाव निम्मा उघडा पडतो. वसंतातल्या पुराला जागा हवी म्हणून धरणवाले ऑक्टोबरपासून पाणी सोडतात. जानेवारीपर्यंत काठापासून पाव मैल आत तांबडा चिखल, झाडांचे बुंधे, बुडालेल्या जुन्या रस्त्याची मोरी आणि बिअरचे डबे वर येतात. तिथे कोणीही चालत जाऊ शकते. कुत्री फिरवणारे जातात, भंगार शोधणारेही जातात. तेव्हा ठसे असण्यात विशेष काही नव्हते.

व्हर्लिनच्या एकचाकी हातगाडीत ख्रिसमसची टाकून दिलेली तीन झाडे आणि सहा सिमेंटचे ठोकळे होते. बास मासा उघड्यावर राहत नाही, त्याला आडोसा लागतो. गळाने बास पकडणारे म्हणूनच हिवाळ्यात तळावर ठोकळ्यांना झाडे बांधून ठेवतात. उन्हाळ्यात वर वीस फूट पाणी असते आणि मासा त्या फांद्यांत येऊन राहतो. खाली काय आहे हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक असते. मासेमारीच्या क्लबातले बहुतेक लोक हिवाळ्यात गळांच्या पेट्या आवरतात, दोऱ्यांच्या रिळांना तेल घालतात, होड्यांचे प्रदर्शन बघायला नॉक्सव्हिलला जातात आणि गळाच्या दुकानातल्या शेगडीशी बसून मागच्या वर्षीचा मासा दर आठवड्याला अर्धा पौंड वाढवतात. व्हर्लिन झाडे ओढायचा. एकोणीस हिवाळ्यांत त्याने एक्केचाळीस आडोसे बांधले होते.

त्याने हातगाडी सोडली आणि ठशांच्या मागे चालू लागला.

ठसे आधी उत्तरेच्या टोकावरच्या आडोशापाशी गेले होते. तिथून हाकेच्या अंतरावर आणखी दोन आडोसे होते. अनोळखी माणूस साहजिकच तिकडे वळला असता. ठसे वळले नव्हते. ते सरळ तीनशे पावले चालून मोरीजवळच्या आडोशाला गेले होते, तिथून मागे फिरून सीडर झाडांच्या बुंध्यांपाशी आणि मग चढावर. प्रत्येक आडोशाजवळ मोठ्या बुटाचा माणूस एकाच जागी उभा राहिला होता. फोनवर जागेची खूण घेताना माणूस असाच उभा राहतो.

अकरा आडोसे झाले आणि ठसे काठाकडे वळले.

तो क्रम स्पर्धेच्या दिवसाचा होता. सकाळचे ऊन कुठे आधी पोहोचते आणि वारा कधी फिरतो, यावरून व्हर्लिनने आठ वर्षांत तो बसवला होता. तो जगात दोन माणसांना माहीत होता. लहान बुटाचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला पडत होता. व्हर्लिनचा स्पर्धेतला जोडीदार ग्रेडी मेपल्स याच्या उजव्या गुडघ्याचे दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झाले, तेव्हापासून त्याचा तो पाय असाच पडतो.

व्हर्लिन घरी आला तेव्हा त्याची बायको ओपल स्वयंपाकघरात घेवडा शिजवत होती.

“इतक्यात आलास? गाडी रुतली की तू रुतलास?”

“ग्रेडी तळावर येऊन गेलाय.”

“अरे वा! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बूट घाण केले म्हणायचे त्यानं.”

“एकटा नव्हता. दुसरा होता बरोबर. बूट नवे दिसतायत, मोठे.”

ओपलने गॅस बारीक केला. “फोन कर त्याला.”

“तो करेल की.”

“करेल म्हणे! गुडघा कापला तेव्हा दीड महिना दवाखान्यात नेऊन आणलंस त्याला. तेव्हा बरा फोन करायचा, सकाळी सहाला.”

 व्हर्लिनने हात धुतले आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून रिळे उघडायला घेतली. चार रिळे त्याची होती आणि चार ग्रेडीची. ग्रेडीची तो दर हिवाळ्यात साफ करायचा. त्या दिवशीही त्याने आठही साफ केली.

एकतीस वर्षे त्याने काउंटीच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाला तेव्हा त्याची स्वतःची सोळा फुटी होडी होती. तिची मागची फळी कुजली, तेव्हा ग्रेडी म्हणाला, “दोघांना दोन होड्या कशाला? विकून टाक. माझ्या होडीत मागची खुर्ची तुझीच आहे, मरेपर्यंत.” व्हर्लिनने ती विकली. त्याला बारा वर्षे झाली. स्पर्धेला जोडीनेच उतरावे लागते आणि जोडीतल्या एकाकडे तरी होडी लागते. ग्रेडी नसेल तर व्हर्लिन काठावरचा माणूस होता.

फोन आला नाही.

१० फेब्रुवारीला अग्निशमन केंद्राच्या सभागृहात क्लबची बैठक झाली. येत्या हंगामाच्या जोड्या याच बैठकीत नोंदवतात. चाळीसेक माणसे आली होती. मांस-घेवड्याची तिखट चिली होती, मक्याचा पाव होता. व्हर्लिन वाडगा घेऊन भिंतीशी बसला.

“काय व्हर्लिन, यंदा किती झाडं पुरलीस?” पलीकडून कोणीतरी विचारले.

“सत्तावीस.”

“त्याच्या झाडांना चमकी असते अजून. मासे नाताळ समजून येतात!”

सगळे हसले. व्हर्लिनही हसला.

सेक्रेटरी फेय लॉहॉर्नने चष्मा लावला आणि नावे वाचायला घेतली. सहावी जोडी ग्रेडी मेपल्स आणि ट्रेंट ऑगल अशी होती. ट्रेंट अडतीस वर्षांचा होता, छपरे घालायचे कंत्राट घ्यायचा. नवी होडी त्याने नोव्हेंबरात घेतली होती आणि तिच्यावर पाण्याखालचा मासा हलताना दिसतो असा पडदा बसवला होता.

 फेयने वाचणे थांबवले. तिने चष्म्यावरून आधी ग्रेडीकडे पाहिले, मग भिंतीकडे.

“व्हर्लिन, मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय.”

“पुढचं वाच, फेय.”

ग्रेडी खुर्च्यांमधून वाट काढत आला. त्याच्या हातात पावाचा तुकडा होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हते.

“मी फोन करणार होतो तुला.”

“नंबर बदललेला नाही माझा.”

“असं नको ना बोलू. मी एकाहत्तरचा झालो, व्हर्लिन. माझ्या होडीचं इंजिन गेलंय, नवं झेपत नाही. ट्रेंटनं विचारलं, त्याला जोडीला कोणीतरी हवंच होतं. आणि आता दिवसच तसे आलेत. पडद्यावर मासा शेपूट हलवताना दिसतो बघ. खाली कुठं काय पुरलंय, हे पाठ करायची गरजच राहिली नाही.”

“मग तळावर कशाला फिरलात?”

ग्रेडीने पावाकडे पाहिले.

“त्याला नुसतं दाखवलं. एकदा.”

“अकरा वेळा.”

ट्रेंट मागे येऊन उभा होता. तो मनाने वाईट नव्हता. त्याने टोपी काढली. “मिस्टर व्हर्लिन, तुमच्या आडोशांना तोड नाही, खरंच सांगतो. एखाद्या रविवारी या ना आमच्याबरोबर. जागा करू.”

“तुझी होडी तिघांची आहे?”

“बसता येईल तसं. मधे, पेटीवर.”

“पेटीवर,” व्हर्लिन म्हणाला. त्याने वाडगा टेबलावर ठेवला, कागदी रुमाल घडी करून त्यात टाकला आणि खुंटीवरचा कोट घेतला. दाराशी फेयने त्याला गाठले.

“नाव तर देऊन ठेव. कोणी एकटं आलं तर जोडी लावते.”

“कोण येणार आहे आता, फेय?”

 तिने तरीही नाव लिहून घेतले.

 घरी झोपताना ओपल एवढेच म्हणाली, “होडी विकलीस तेव्हा मी बोलले होते.” तो म्हणाला, “बोलली होतीस.” ग्रेडीची चार रिळे दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पिशवीत घालून त्याच्या टपालपेटीला अडकवून आली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्हर्लिनने मेव्हण्याचा ट्रॅक्टर मागून आणला आणि तो तळावर उतरवला. सोमवार ते गुरुवार, चारही दिवस धुके होते. काठावरच्या घरांना इंजिनाचा आवाज ऐकू येत होता, दिसत काही नव्हते. साखळीचाही आवाज येत होता, असे दोघेजण सांगतात. गुरुवारी दुपारी त्याने ट्रॅक्टर धुऊन परत केला.

शुक्रवारी ग्रेडी दारात आला. गाडीतून उतरला नाही, काच खाली केली.

“तळावर काय चाललं होतं?”

“हिवाळा घालवत होतो.”

“ते आडोसे एकट्याचे नाहीत तुझे, व्हर्लिन.”

“बरोबर आहे. कोणकोणते तू बांधलेस ते सांग, तेवढे तुझे.”

ग्रेडीने इंजिन बंद केले.  तो म्हणाला, “इतक्या वर्षांचं असं करायचं का आपण?”

“मला का विचारतोस?”

“हलवलेस का तू ते? एवढं तरी सांग.”

व्हर्लिन घरात गेला. दार त्याने आपटले नाही. ओपल सांगते की तो आत येऊन पलंगाच्या कडेला बसला आणि अर्धा तास बुटाची एकच नाडी सोडत होता. तिनेही त्याला तेच विचारले होते. तिलाही त्याने सांगितलेले नाही.

१६ मार्चला धरणवाल्यांनी पाणी अडवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मोरी बुडाली, महिनाअखेर सीडरचे बुंधे गेले. त्यानंतर खाली काय उरले आहे, हे पाहण्याचा मार्ग फक्त ट्रेंटच्या होडीवर होता.

७ एप्रिल, मंगळवार. सकाळी साडेनऊपासून बारापर्यंत ती होडी उत्तरेच्या टोकाजवळ गोल गोल फिरत होती. ग्रेडी मागच्या खुर्चीत होता. पुढे ट्रेंट पडद्यावर वाकला होता. दोघांनीही गळ टाकलेला काठावरून कोणी पाहिला नाही. पडद्यावर काय दिसले, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेले नाही.

पहिली स्पर्धा शनिवारी, १८ तारखेला आहे. तेवीस जोड्या नोंदवल्या गेल्या आहेत. काउंटीच्या गॅरेजमध्ये माणूस कमी पडला म्हणून व्हर्लिन पहिल्या तारखेपासून पुन्हा कामाला जातो. शनिवारीही जातो. पाणी चढल्यापासून तो तलावावर अजून आलेला नाही.