मुठीचा डबा

"ज्वारीना दानावर काय कोनं नाव लिखेल ऱ्हास का वं झुंबर?"

कमलबाईनं हे विचारलं ते उपकारस्तुतीच्या सणाला, चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर. झुंबरबाईनं नुकतंच आपलं धान्य कुठं गेलं असं विचारलं होतं. पुढ्यात तिचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. काठोकाठ भरलेला असायला हवा होता तो. आत पाहावं तर तळाला बोटभर दाणे.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. नरडाण्याजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजून अकरा. तिथल्या बायांची रीत अशी, की दळण जात्यात घालण्याआधी एक मूठ देवाची म्हणून बाजूला काढायची, आणि पीक घरात आलं की सणाला सगळं धान्य वेदीपुढे ठेवायचं. झुंबरनं सलग दोन वर्षं मंडळीत उभं राहून "डबाभर आणसू" असं कबूल केलं होतं. दोन्ही वर्षी भादव्यात मजुरी बंद पडली आणि डबा पोटात गेला. पोरं भुकेनं कळवळत असताना कोण आई डब्याचं झाकण लावून बसेल? पण बोलणारे बोललेच. 'झुंबरनी मूठ भादवालोंग', म्हणजे भादव्यापर्यंतच, अशी म्हणच बायांनी पाणवठ्यावर पाडून टाकली.

यंदा तिनं शहाणपणा केला. आपल्या भुकेचा भरवसा नको म्हणून डबा नेऊन ठेवला कमलबाईकडे. कमलबाई म्हणजे पंचाची बायको, आठ बिघ्यांची मालकीण, आणि प्रार्थनेत झुंबरचं नाव घेऊन डोळ्यांतून पाणी काढणारी. दर रविवारी झुंबर पदराची गाठ तिच्या सुपात सोडायची, आणि कमलबाई सूप आत नेऊन डब्यात रितं करायची. भादव्यात झुंबरनं अंबाडीची भाजी उकडून दिवस काढले, पण त्या दाराशी मागायला गेली नाही. सणाच्या दिवशी डबा कमलबाईच्या घरून थेट चर्चमध्ये आला.

आणि आता वेदीपुढे कमलबाईची पाटी शिगोशीग भरून उभी होती. गावात पहिली पाटी बारा वर्षं तिचीच. यंदा मात्र तिची ज्वारी काणीच्या रोगानं काळी पडली होती, हे काय गावाला ठाऊक नव्हतं? झुंबर वाकली आणि तिनं पाटीत हात खुपसला. ओंजळीत आली पांढरी ज्वारी, आणि तिच्यात काळे काळे उडीद. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद मिसळूनच दळायला काढतात. झुंबरची रोजची मूठ अशा दळणातलीच. सणाच्या पाटीत असं मिसळलेलं धान्य कोणी घालत नाही, तिथं खळ्यावरची निवडक ज्वारी जाते.

"अक्का, हाऊ उडीद देख. हाई मनं दळण शे."

"कळणानी भाकर काय तुन्हा एकलीनाच घरमा व्हस? सारा गावमा व्हस. दर आयतवारले तू पदरमा कितलं आणे, मी कधी मोजं का? दोन साल खाई टाकं, यंदा कमी टाकं व्हई. मन्हा माथावर कसाले फोडस?"

दोन वर्षांचं खरं पाप असं यंदाच्या खोट्याला साक्षीदार म्हणून उभं राहिलं. मंडळीतल्या चौघांनी उडीद पाहिले आणि नजर छताकडे वळवली. चर्चच्या कंदिलाचं तेल कमलबाईकडून येई.

धुळ्याहून आलेले पाळकसाहेब भले माणूस. त्यांना उडदातलं काही कळलं नाही, पण झुंबरची पडलेली मान दिसली.

"झुंबरबाई," ते मायेनं म्हणाले, "लाजू नका. ठरवलेलं हातून झालं नाही, असं कोणाचं होत नाही? बैल चिखलात बसला म्हणून शेतकरी त्याला टाकून देतो का? खांदा लावून उठवतोच ना? देव तसाच आहे. तुम्ही तिसऱ्यांदा पडलात, तो तिसऱ्यांदा उठवील. पुढच्या वर्षी पुन्हा काढाल ना मूठ?"

मागल्या वर्षी हे कोणी बोललं असतं, तर झुंबरनं त्याचे पाय धरले असते. आज तेच शब्द तिला चटके देत होते. न केलेल्या पापाची माफी गिळायला फार कडू असते. हो म्हणावं तर चोरी कबूल केल्यासारखं, नाही म्हणावं तर देवाशीच वैर. दगा दिला कमलबाईनं, मग देवाला कशाला उपाशी ठेवायचं?

"काढसू, साहेब," ती उभी राहून म्हणाली. "मांगला दोन सालले मी पडनू, ते खरं शे. पन यंदा मी पडनू नही. यंदा माले पाडं. तरी मूठ काढसू."

कमलबाई उगाच पदर सारखा करत राहिली. झुंबरनं डबा उचलला आणि घर गाठलं.

तिचा नवरा वना ओसरीत धुमसत होता. "बठ्ठी मंडळी हासनी! आते मूठ नको नि डबा नको."

झुंबरनं संध्याकाळचं दळण सुपात घेतलं, त्यातली एक मूठ काढली आणि डब्यात टाकली.

"आते हाऊ डबा कोनाकडे ठेवशी?" वनानं विचारलं.

"आठेच. चुल्हाजोयेच ऱ्हावू दे." तिनं डबा चुलीजवळ सरकवला.

"आनि भादवामा भूक लागनी म्हंजे?"

"लागू दे," झुंबर जात्याशी बसत म्हणाली. "भूक बरी. ती तोंडवर मांगस."