उडीच्या बॉक्सची धास्ती

मित्रांनो, मी उडीचा एक जुना लाकडी बॉक्स आहे आणि मी भित्रा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसू नका. ज्याच्या डोक्यावर रोज सकाळी मुली धावत येऊन उडी मारतात, त्याने कशाला भ्यावे, असे तुम्हाला वाटेल. पण भिण्याचे खरे काम तर माझेच आहे.

माझा जन्म चितेगावचा. तिथल्या एका कारखान्यात मोठे यंत्र आले आणि ज्या लाकडी पेटाऱ्यातून ते आले, त्याच्या फळ्या भंगारात निघाल्या. सांडू मिस्त्रींनी त्या रंधा मारून साफ केल्या, आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि मला गुडघ्याहून थोडे उंच बनवले. 'ही बाजू वर' असे सांगणारा पेटाऱ्यावरचा बाण माझ्या अंगावर तसाच राहिला. मुलींना वाटते, तो त्यांच्यासाठीच काढला आहे.

टेम्पोतून मी गारखेड्याच्या बास्केटबॉल मैदानावर आलो. इथे साहेबराव सर मुलींना शिकवतात. आवाज असा की झाडावरचे कावळे उडावेत, मन मात्र लोण्याचे. उंच उडीसाठी त्यांचा क्रम ठरलेला. आधी अंग गरम करायचे, मग दोरीच्या उड्या, बैठका, चवड्यांवर उभे राहून टाचा उचलायच्या आणि शेवटी मी. "गुडघे वाकवा, हात मागं न्या अन् एकदम वर! टेकताना आवाज नाय आला पाहिजे. मांजरीवानी!" सर ओरडत. माझ्यावरून खाली येताना मात्र उडी नाही, पायरी उतरावी तसा एकेक पाय टाकायचा. महिन्याअखेर बोटांना खडू लावून भिंतीशी उडी मारायची. जिथे बोटे टेकतील ती आपली खूण.

चितेगावच्या सोनियाची खूण सगळ्यांत वर असे. तिचे कौतुक झाले की थोडे माझ्याही वाट्याला येई. सुट्टीत मात्र मला ठेवत त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणी फिरकत नसे. एकदा एक मांजर माझ्याआड व्याली, तेवढीच काय ती सोबत.

चारुताची खूण अडली होती. ही उस्मानपुऱ्याची मुलगी. उन्हाळ्यात तिचा पाय माझ्या कडेवरून घसरला आणि नडगी सोलून निघाली. तेव्हापासून ती धावत येई आणि ऐन वेळी माझ्यासमोर थांबे. "अगं, बॉक्स काय चावतो का तुला?" सर विचारत. मग तिने आपली एक रीत काढली. उडीआधी वाकून मला तळहाताने थोपटायचे. मी 'ठक्' असा वाजलो की ती मागे सरे आणि उडी घेई. "झाली का विचारपूस?" सोनिया चिडवी. चिडवू दे बापडी. चारुताची खूण वर सरकू लागली होती. जिल्ह्याच्या संघाची निवड दसऱ्यानंतर लगेच होती आणि तिला त्यात काहीही करून यायचे होते.

खंडेनवमी आली. सर शेतकऱ्याच्या घरातले. घरी नांगर-कुळव पुजतात, तर इथे चेंडू, दोऱ्या, शिट्टी आणि मी. मला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ पडली. मी अगदी फुगून गेलो. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा सरांनी इकडेतिकडे पाहिले. कोर्टाला नुकताच नवा रंग दिला होता, तिथे नारळ आपटायला त्यांचा जीव होईना.

"बॉक्सवरच फोडू. मजबूत गडी आहे," म्हणत त्यांनी नारळ माझ्या कोपऱ्यावर हाणला. तो फुटेना. सरांनी दातओठ खाऊन पुन्हा हाणला. नारळ फुटला. त्याच क्षणी माझ्या पोटातली, वरची फळी पेलणारी आडवी पट्टीही फुटली. बाहेरून काहीच दिसले नाही. वर माळ होतीच. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि खोबरे वाटले गेले.

दसऱ्याची सुट्टी मी शेडमध्ये कशी काढली ते माझे मला ठाऊक. डोळ्यांसमोर एकच दिसे. चारुता धावत येते, दोन्ही पाय फळीवर पडतात, फळी आत जाते आणि फुटलेल्या लाकडाची टोके तिच्या पायात घुसतात. ओरडावे तर लाकडाला तोंड नाही. इतके दिवस मी मनात म्हणायचो, भिऊ नकोस पोरी. आता म्हणत होतो, भी गं बाई, भी.

सुट्टी संपली आणि नेमकी पहिल्याच सकाळी चारुता म्हणाली, "सर, आज मी थांबणार नाही. सरळ उडी."

"शाब्बास! असं पाहिजे!" सर खूश झाले.

ती धावली. तिच्या पावलांचा आवाज जवळ आला आणि भीतीने माझा खिळा न् खिळा गार पडला. पण जुनी सवय पायांत होती. ती माझ्यासमोर थांबली, वाकली, तिने मला थोपटले. मी 'भद्द' असा वाजलो. तिने पुन्हा थोपटले.

"सर, ह्याचा आवाज बदललाय."

"आवाजाचं काय घेऊन बसली? निवड तोंडावर आली अन् तू पुन्हा भ्यायला लागली व्हय?"

मुली हसल्या. चारुताचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "भीती वाटते सर, म्हणूनच सांगते."

"सरक, लई नाटक करती तू," सोनिया म्हणाली आणि धावत निघाली. चारुताने तिचा दंड असा धरला की दोघी कोर्टावर आपटल्या. "नको गं! ऐक ना माझं!"

सर वैतागले. "काय होतंय बघा," म्हणत त्यांनी एक पाय माझ्यावर ठेवून भार टाकला. कडाड्! पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पँट फाटली, पोटरीवर लांब ओरखडा उठून रक्त आले. या वेळी कोणी हसले नाही. सरांनी त्या भगदाडाकडे पाहिले, मग सोनियाच्या पायांकडे.

"पळत येऊन दोन्ही पाय पडले असते, तर..." सर पुटपुटले. सोनिया खालीच बसून होती. चारुताचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

सांडू मिस्त्रींनी मला नवी पट्टी आणि नवी फळी बसवली. नारळ यापुढे फाटकापाशी दगडावर फुटेल, असे सरांनी सर्वांदेखत सांगितले. निवडीत सोनिया संघात गेली, चारुता राखीव खेळाडूंत. ती थोडी रडली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर आली.

मित्रांनो, पूजा वर्षातून एकदा केली तरी चालते, विचारपूस मात्र रोज लागते. ज्याच्यावर भार टाकायचा, त्याला आधी हात लावून पाहा. आणि कोणी भ्याले तर हसण्याआधी ते काय सांगते आहे तेवढे ऐका.

मी अजून भित्राच आहे. आता सोनियाही उडीआधी वाकते. तिचा तळहात पडायच्या आत मी माझी एकेक पट्टी चाचपून घेतो आणि मगच 'ठक्' वाजतो.