अर्ध्या दिवसाची बेकारी

मथुरावहिनींना बेकारीचा भत्ता मिळाला तर सदूने भर दुपारी मच्छीमार्केटात संकासुर होऊन नाचायचं, नाही मिळाला तर मी. पैज एवढीच. शिमग्यात काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं बांधून नाचणाऱ्याच्या लोक पाया पडतात. शिमगा सरल्यावर तेच सोंग काढलं तर मागे कुत्री लागतात. म्हणून तर मजा!

वहिनी आमच्या शेजारच्या. काजूच्या फॅक्टरीत अर्धा दिवस बिया सोलायला जायच्या. फॅक्टरीला टाळं लागलं. भत्ता नाही आला तर घराला कुलूप घालून मुंबईला दिराकडे, म्हणजे जावेची भांडी घासायला. जावेचं नाव निघालं की वहिनींचं तोंड आमसूल चावल्यासारखं व्हायचं.

सदू रिटायर खलाशी, दहा देश बघितलेला. म्हणाला, "अर्धा दिवस कामाची बाई अर्धीच बेकार. तिला कोण विचारतो?"

"पगारातून विम्याचे पैसे कापत होते ना? मग मिळतो," मी म्हटलं. मला तरी कुठे पक्कं माहीत होतं! पैजेला माहिती लागत नाही, तोंड लागतं.

वहिनींना घेऊन विम्याच्या ऑफिसात गेलो. वाटेत तीनदा पढवलं, "विचारलं तर म्हणायचं, काम नाही."

खिडकीमागे श्रद्धा नावाची पोरगी. तिने विचारलं, "मावशी, सध्या काही काम करता?"

"करते तर! बसून खाणारी वाटले काय गो तुला? पहाटे उठून पाणी भरते, कैऱ्या चिरून आंबोशी वाळत घालते, कुळथाचं पीठ दळून आणते..."

मी वहिनींच्या पायावर पाय दिला. त्यांनी माझ्या पायावर दिला, जोरात.

"ह्याचा पगार किती मिळतो?" श्रद्धाने विचारलं.

"पगार? नवरा होता तोवर त्याने कधी दिला नाही, आता कोण देणार?"

"मग मी 'बेकार' लिहिते."

"खबरदार! बेकार आमच्या घराण्यात कोणी नाही. मी सही करायची नाही."

माझ्या डोळ्यांपुढे टोपी नाचायला लागली. मागची रांग कुरकुरू लागली.

श्रद्धाने पेन खाली ठेवलं. "मावशी, मी पण घरी जाऊन भाकऱ्या थापते. सरकार त्याला काम धरत नाही."

"मग सरकारच बेकार!"

"खरंय. पण ते लिहायला रकाना नाही."

वहिनी खुदकन हसल्या आणि त्यांनी सही ठोकली.

दीड महिन्याने बँकेत पैसे आले. अर्ध्या दिवसाच्या पगाराचा अर्धा, तीन महिन्यांचा. वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "गणपतीपर्यंत ढकलते. तोवर दुसरं काम बघते. जावेला सांगा, भांडी तूच घास."

सदू मार्केटात आला तो रोजच्या कपड्यांवर टोपी घालून, घुंगरं हातात घेऊन. "पाव पगार आला, मी पावच हरलो. नाच नाही."

मासेवाली यमुनाबाई कोयता आपटून उठली. "मेल्या, पाव बांगडा मागितला होतास कधी? बांध घुंगरं!"

बांधली. वहिनी टोपलीवर बसून टाळ्या वाजवायला लागल्या, सगळ्या कोळणींनी ताल धरला आणि सदू चिखलात गोल गोल नाचला. तेवढ्यात त्याची बायको आनंदीबाई पिशवी घेऊन सुरमईला आली. तिने त्याला टोपीपासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हा कोण गो यमुने?" ती म्हणाली. "आपल्या आळीतला नाही वाटतं."