ठमाबाईच्या खांद्यावरची सासू

"देह मातीत जातो, पण आत्मा प्रकाशात जातो! आणि प्रकाशाला या जगात कोणीही विझवू शकत नाही!" असं तेजोनाथ बुवांनी दाभोळ बंदरावरच्या मंडपात दोन्ही हात वर करून जाहीर केलं, आणि लाईट गेली.

दाभोळला लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. त्यामुळे मंडपात कोणी दचकलं नाही. फक्त बुवांचे वर गेलेले हात खाली केव्हा आले, ते मात्र कोणाला कळलं नाही.

"ही परीक्षा आहे," काळोखातून धीरगंभीर आवाज आला. "पितर उजेडाची वाट बघतायत. निलेश, जनरेटर बघ रे."

निलेश हा बुवांचा शिष्य. त्याने दोरी ओढली, जनरेटर खोकला, दोन बल्ब आणि एक भलामोठा टीव्ही लागला. बायाबापड्यांनी हात जोडले. ते टीव्हीला की बुवांना, हे बायाबापड्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

या बुवांची कीर्ती अशी, की ते पितरांचे फोटो काढत. थेट हिमालयातून, व्हाया सावर्डे, ते दाभोळला आले होते. त्यांच्याजवळ मुठीत मावेल एवढा, चंदनाने माखलेला एक जुना डिजिटल कॅमेरा होता. त्याला ते 'सिद्ध कॅमेरा' म्हणत. "माणूस खोटं बोलेल, फोन खोटं बोलेल, पण सिद्ध कॅमेऱ्याला खोटं बोलता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॅमेऱ्याला मुळात बोलताच येत नाही, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"आज कोण पुढे येतंय?" बुवांनी विचारलं.

"ठमाबाय, तू जा गो," असं म्हणून तिच्या बचत गटातल्या गोदाने ठमाबाईला मागून ढोसलं आणि ठमाबाई पुढे गेली. एरवी ती ढोसल्याने जाणारी बाई नव्हे. साठी उलटलेली, मासे विकून विकून आवाज खाडीपलीकडे पोचेल असा झालेला, वर गटाची अध्यक्ष. पण बुवापुढे उभं राहिल्यावर तिनेही पदर सावरून हात जोडले.

निलेशने आंब्याची डहाळी तांब्यात बुडवून तिच्या अंगावर, आजूबाजूला आणि पार कॅमेऱ्यापर्यंत तीर्थ शिंपडलं. बुवांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"मान किंचित डावीकडे. हनुवटी खाली. आता श्वास रोखा."

फट्ट करून फ्लॅश पडला. मग टीव्हीवर फोटो आला आणि मंडपातून एकच हाय उठली. ठमाबाईच्या भोवती पांढरी, धुरकट, चंद्रासारखी वर्तुळं तरंगत होती. काही बोरांएवढी, काही लिंबांएवढी, आणि तिच्या डाव्या खांद्यावर चांगलं तांदळाच्या भाकरीएवढं एक!

"स्त्री आहे," बुवा डोळे मिटून म्हणाले. "वयस्कर. सासरची. आणि नाराज."

"सासूबाय!" ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"बघा, मी नाव घेतलं का? तिनेच घेतलं!" बुवा गर्दीला म्हणाले. "बाई, तू कुठं निघाली होतीस?"

"अजिंठ्याला. गटाची सहल हाय."

"म्हणूनच! सासू खांदा सोडत नाही. तिला तुझं खाडी ओलांडणं मान्य नाही."

"पण खाडी तर मी रोज ओलांडते! फेरीबोटीतून, पाटी घेऊन!"

"मासे घेऊन ओलांडतेस," बुवा म्हणाले. "मजा करायला नाही."

हे मात्र ठमाबाईला पटलं. सासूबाई जिवंत असत्या तर शब्दाला शब्द हेच म्हणाल्या असत्या.

आणि मग बुवांनी जे केलं, त्याला तोड नाही. त्यांनी गाऱ्हाण्याचा सूर लावला. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालायचं म्हणजे एकाने सुरात मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ही सवय रक्तात इतकी भिनलेली, की त्या सुरात एखाद्याने बोटीचं वेळापत्रक वाचलं तरी माणसं होकार देतील.

"बा म्हाराजा! ही तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी आली हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या घरची म्हातारी रुसून बसली हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची शांती होईपर्यंत या बायकांची सहल रद्द झाली हाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप गरजला. सगळ्यात मोठा आवाज ठमाबाईचा होता.

आवाज विरल्यावर बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण आता काय करणार? गाऱ्हाण्यात दिलेला होकार मागे घ्यायचा नसतो. वर बुवांनी कनवाळूपणे असंही सुचवलं, की शांती झाल्यावर गटाने खुद्द बुवांकडचाच एखादा सिद्ध कॅमेरा विकत घ्यावा, म्हणजे पुढच्या सहलीत पितर नजरेखाली राहतील.

आता या बायकांना कॅमेरा कशाला हवा होता? तर मागच्या साली त्या गणपतीपुळ्याला गेल्या, तेव्हा सगळे फोटो गोदाच्या फोनवर काढले. गोदाचा फोन 'शुभ सकाळ'च्या फुलांनी गच्च भरलेला, त्यामुळे निम्मे फोटो त्यात बसलेच नाहीत. उरलेल्यांत गोदा सोडून सगळ्या होत्या. नाही म्हणायला गोदाचं बोट होतं. तिने वर्षभर तोंड फुगवलं. तेव्हा ठराव झाला, की गटाचा एक छोटा कॅमेरा घ्यायचा.

आणि अजिंठा ठमाबाईने निवडला होता. तिच्या घरच्या कॅलेंडरवर तिथलं एक चित्र होतं, आरशात बघणारी बाई. "दीड हजार वर्षं ती आरशात बघतेय," ठमाबाई म्हणायची, "आणि एक सासू तिला ऊठ म्हणत नाय! ही कोण ते एकदा जाऊन बघायचंच." डोक्यावर पाटी नसताना, काही विकायचं नसताना, नुसतं बघायला म्हणून ती जन्मात प्रथमच कुठे निघाली होती. ते सगळं एका भाकरीएवढ्या वर्तुळाखाली दबलं.

दुसऱ्या दिवशी ती चिपळूणला गेली. तिची भाची शमिका तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि दोघींनी मिळून कॅमेरा घ्यायचं आधीच ठरलं होतं. नको म्हणून सांगायला तरी जायला हवं.

"मावशी, सासू खांद्यावर बसली म्हणून सहल बंद?" शमिकाने सगळं ऐकून घेतलं. "तिला फोटो आवडायचे?"

"छे गो! कोणी फोटो काढायला लागला की पदर तोंडावर घ्यायची. आधारकार्डाला दोन माणसांनी धरली होती."

"आणि आता आपणहून येऊन बसली?"

ठमाबाई थबकली. ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

"चल, दुकानात तर जाऊ," शमिका म्हणाली. "बघायला काय जातंय?"

दुकान संदेशचं. तो शमिकाचा जुना विद्यार्थी, त्यामुळे तिला बघताच उभा राहिला आणि ठमाबाईला बघताच सगळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा काढून बसला.

"काकी, ह्याने चंद्रावरचे खड्डे दिसतात!"

"आमच्या रस्त्यावरचे दिसतात तेवढे पुरे. दुसरा दाखव."

"मग हा घ्या. ह्याचे मेगापिक्सेल बघा केवढे..."

"वजन मागून सांग. मासा घेताना आधी डोळा बघायचा. ह्याचा डोळा खंय?"

संदेशने भिंग दाखवलं. ठमाबाईने दोन-तीन कॅमेरे पालथे-उताणे केले आणि बरोबर एकावर बोट ठेवलं. भिंग मोठं, फुगीर, लखलखीत. ताज्या बांगड्याचा डोळा असतो तसं.

"काकी, तुम्ही दुकान टाका!" संदेश म्हणाला. "हाच काढणार होतो. डोळा मोठा, आतला सेन्सरही मोठा, म्हणून कमी उजेडात चालतो. हात थोडा हलला तरी सांभाळून घेतो. आणि कनवटीला बसतो."

"अजिंठ्यात हाच हवा," शमिका म्हणाली. "तिथं फ्लॅश मारायला बंदी आहे. रंग खराब होतात. आहे त्या उजेडात फोटो काढता आला पाहिजे."

"सगळं खरं. पण ह्यात सासू दिसते काय?" ठमाबाईने विचारलं.

संदेशने कंपनीचं माहितीपत्रक उलटंपालटं करून पाहिलं. तशी काही सोय लिहिलेली नव्हती.

शमिकाने मग कपाटातला एक जुना, बुवांच्या कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ शोभेल असा कॅमेरा मागितला. दुकानातला दिवा मालवून तिने फ्लॅश टाकून ठमाबाईचा फोटो काढला. खांदा रिकामा.

"सासू दाभोळलाच राहिली वाटतं," ठमाबाई म्हणाली.

"मावशी, तिथं फोटोच्या आधी काय केलं होतं?"

"काय नाय. हनुवटी खाली करायला लावली. आणि तीर्थ शिंपडलं."

शमिकाने टीव्हीच्या काचा पुसायची फवारणीची बाटली उचलली, संदेशला भिंतीशी उभं केलं, कॅमेऱ्यासमोर हवेत दोनदा फुस्स केलं आणि फ्लॅश मारला. फोटोत संदेशच्या डोक्याभोवती वर्तुळांचा थवा होता, आणि कानाजवळ एक चांगलं टपोरं.

"अरे संदेश, तुझीपण सासू!" ठमाबाई ओरडली.

"काकी, माझं लग्न नाय झालं अजून!"

ठमाबाईला असं हसू फुटलं, की ती स्टुलावरून घसरता घसरता राहिली. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक तिला बघून परत गेलं. मग तिने दुकानातल्या खुर्चीचा फोटो काढला, खुर्चीला सासू. पंख्याचा काढला, पंख्याला सासू. "मेल्याने मला फसवलं! त्या बाटलीत माझं अख्खं सासर भरलंय!"

संध्याकाळी मंडप पुन्हा गच्च भरला होता. ठमाबाई पाटी घेऊन आली, तिच्या मागोमाग विकत घेतलेला नवा कॅमेरा घेऊन शमिका. ठमाबाईने पाटी सरळ बुवांच्या पुढ्यात ठेवली. पाटीत बांगडे होते.

"बुवा, ह्यांचा फोटो काढा."

"बाई, हे पितृपीठ आहे, बाजार नाही!"

"आत्मा सगळ्यांत असतो, असं तुम्हीच काल बोललात. निलेश, शिंपड रे."

निलेश सवयीचा गुलाम. त्याने शिंपडलं. मंडपातली माणसं माना उंच करून बघायला लागली, तेव्हा बुवांना कॅमेरा उचलावाच लागला. फ्लॅश पडला. टीव्हीवर बांगडे आले, आणि बांगड्यांवर वर्तुळंच वर्तुळं.

"आई गो!" गोदा किंचाळली. "बांगड्याचे पितर!"

मंडपात खसखस पिकली. "यांचं श्राद्ध कोण घालणार?" मागून कोणी विचारलं. "मांजर!" दुसरं कोणी म्हणालं.

"ज्या मच्छीमारांनी हे पकडले, त्यांचे पूर्वज आहेत हे!" बुवा घाम पुसत म्हणाले.

"मग आता न शिंपडता काढा," शमिका पुढे येऊन म्हणाली. "पूर्वज एवढ्यात कुठं जाणार?"

न शिंपडता काढलेल्या फोटोत नुसते बांगडे होते.

शमिकाने मग शाळेत बोलते तसं सावकाश सांगितलं. "छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. समोर हवेत पाण्याचा थेंब असला, की फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटून थेट भिंगात परततो. थेंब भिंगाच्या फार जवळ असतो, म्हणून तो नीट दिसत नाही, पसरतो, आणि त्याचं गोल चांदणं होतं. थेंब जितका जवळ, तितकी सासू मोठी. पाणीच हवं असंही नाही. धूळ, भाताचा कोंडा, धुकं, काहीही चालतं. फ्लॅश बंद केला की सगळे पितर गुल."

आणि तिने नवा कॅमेरा काढला, निलेशला हवं तेवढं शिंपडायला सांगितलं, आणि त्या दोन बल्बांच्या उजेडात फ्लॅशशिवाय फोटो घेतला. टीव्हीवर मंडप आला. गोदाच्या नाकातली चमकी, बुवांच्या कपाळावरचा घाम, बांगड्यांचे डोळे, सगळं स्वच्छ. खांद्यावर कोणाच्याही कोणी नव्हतं.

"त्या कॅमेऱ्याला सिद्धी नाही," बुवा क्षीणपणे म्हणाले.

"त्याला फवारणी नाय," ठमाबाई म्हणाली. "आणि बुवा, 'हनुवटी खाली, मान डावीकडे' हे हिमालयात शिकवतात काय? माझ्या पुतणीच्या लग्नात सावर्ड्याला एक फोटोवाला होता. अख्खं लग्न आमच्या हनुवट्या खाली करत होता. दाढी नव्हती तेव्हा."

बुवांनी दाढीवर हात ठेवला. ती खरी होती, एवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल. निलेशने डहाळी हळूच खुर्चीखाली सरकवली.

"पण ठमाबाय," गोदाने शंका काढली, "गाऱ्हाण्यात आपण व्हय म्हटलंय त्याचं काय?"

ठमाबाईने पदर खोचला आणि खाडीपलीकडे पोचणारा आवाज लावला.

"बा म्हाराजा! जे थेंब शिंपडल्याबिगर दिसत नाय, ते थेंबच असतं, एवढी अक्कल आम्हाला दे!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी चमत्कार दाखवला, तर आधी हात जोडायच्या ऐवजी आधी प्रश्न विचारायची हिंमत दे!"

"व्हय म्हाराजा!"

"मेलेल्या माणसांना स्वस्थ पडू दे, आणि जित्या बायकांना अजिंठ्याला जाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" मंडपाचं कापड हललं.

"आणि व्हय म्हणायच्या आधी समोरचा काय बोलला ते ऐकायची सवय लाव!"

या खेपेला सगळे जरा थांबले. वाक्य मनात एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा."

बायकांनी फोटोसाठी रांग धरली, आणि तिथेच गाडं पुन्हा अडलं. कॅमेरा कोणी धरायचा? गोदा तर कॅमेऱ्याकडे बघायलाही तयार नव्हती. शमिकालाही सगळ्यांनी ओढून फोटोत घेतलं. निलेशवर पाण्याच्या बाबतीत आता कोणाचा भरवसा नव्हता.

ठमाबाईने इकडेतिकडे पाहिलं, कॅमेरा नेऊन बुवांच्या हातात दिला आणि म्हणाली, "धंदा तुमचा हाच होता, चांगला होता. काढा एक. फ्लॅश बंद हाय, चालू करू नका."

बुवांनी सवयीने भिंगावर फुंकर मारली. मग त्यांनी भगवी कफनी सावरली, एक गुडघा टेकला, एक डोळा मिटला आणि हळूच म्हणाले,

"मावशी, हनुवटी जराशी खाली घेता?"