शंभरात नऊ

संचालकांनी फळ्यावरचा गेल्या वर्षीचा आकडा पुसला आणि तिथे ‘नऊ टक्के’ असं लिहिलं. टाळ्या पडल्या. शंभर अर्जांमागे फक्त नऊ जणांना प्रवेश. टक्का जितका कमी, तितकं कॉलेज क्रमवारीत वर सरकणार.

जागा होत्या तेवढ्याच होत्या. वाढले होते ते अर्ज, आणि ते वाढवले होते प्रवेश विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी. ‘तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांची आम्ही वाट पाहत आहोत,’ असा निरोप त्यांनी हजारो मुलांना धाडला होता. बेताच्या गुणांच्या मुलांना तर मुद्दाम. ती हुरळून अर्ज करणार, नाकारली जाणार आणि टक्का खाली येणार.

संध्याकाळी बाई भावाकडे गेल्या. त्याने दारातच आवाज खाली आणला.

“कालपासून जेवली नाहीये पोरगी. तुमच्या कॉलेजनं नाही म्हटलं तिला.”

“तिनं अर्ज केला होता? मला कुणी बोललं नाही ते?”

“तीच नको म्हणाली. आत्याच्या वशिल्यानं नको, स्वतःच्या हिमतीवर जाते म्हणाली. आणि कॉलेजनं आपणहून बोलावलं होतं गं तिला. हे बघ.”

त्याने मोबाईल पुढे केला. बाईंनी वाचल्यासारखं केलं.

भाची खिडकीशी पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाई शेजारी टेकल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला.

“आत्या, त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं होतं ना? मग मी कुठे कमी पडले?”

भाऊ दारात उभा होता. मोबाईल अजून त्याच्या हातातच होता, जपून धरलेला.

“दिसलं असणार,” बाई म्हणाल्या.

भाचीने ओढणीने डोळे पुसले. चेहरा थोडा उजळला.

“मग पुढच्या वर्षी पुन्हा करते अर्ज. जीव तोडून अभ्यास करते.”

“नको!”

शब्द फार झटकन आला. बाईंनी सावरायला पाहिलं. “म्हणजे, दुसरी कॉलेजं काय कमी आहेत का?”

भाचीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुलाही मी कमीच वाटते तर,” ती म्हणाली.

बाईंची नजर भावाच्या हातातल्या मोबाईलवर गेली.

भाची हळूच त्यांच्या हाताखालून निसटली.

“बसा हं, चहा टाकते,” ती म्हणाली, पाहुण्यांशी बोलावं तशी.