सहापैकी तीन गोळ्या

धनुबाई, माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. खरं काय घडलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

१९६१ साली तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. रनाळ्याहून तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी सहा गोळ्या दिल्या. म्हणाले, "हे औषध नाही. पित्ताची पिशवी फोटोत पांढरी दिसावी म्हणून आहेत. संध्याकाळी तेल-तूप नसलेलं जेवण द्या, मग सगळ्या द्या. सकाळी फोटो."

मी ऐकलं, पण पटलं नाही. गोळी म्हणजे औषधच. माझंही पोट जेवल्यावर जळायचं. धर्मशाळेत तिचं जेवण झालं आणि मी तीन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या, तीन माझ्या.

ती हसली. "दुखस मन्हं पोट, नि गोळ्या तुम्ही खातस?"

"मन्हं बी जळस. सहा तुले जास्त व्हतीन."

"खा मंग. भाकर अर्धी अर्धी, गोळ्या बी अर्ध्या अर्ध्या."

सकाळी फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. पिशवी दिसतच नव्हती.

"सगळ्या गोळ्या घेतल्या ना? राहिल्या असतील तर सांगा. पुन्हा देऊ, उद्या फोटो काढू."

खोलीत नर्स होती, दारात माणसं होती. बायकोच्या गोळ्या मी खाल्ल्या, हे तोंडातून निघेना.

"सगळ्या घेतल्या," मी म्हणालो.

"बाई, तुम्ही सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. पदर पुढे ओढला. "हौ. सगळ्या."

डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेऊनही दिसत नाही म्हणजे पिशवी निकामी झाली आहे, काढावी लागेल. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "सांगी टाका ना. एक रोज आखो ऱ्हाई जासूत, फोटो परत काढतीन."

"डॉक्टरले सर्व कळस," मी तिला म्हणालो.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, सहाव्या दिवशी ती गेली. डॉक्टर माझ्यापाशी येऊन बसले. "पिशवी चांगली होती हो. एक खडा नाही. मग फोटोत का दिसली नाही? गोळ्या नक्की सगळ्या घेतल्या होत्या?"

मी दुसऱ्यांदा हो म्हणालो.

दिवसकार्य उरकून मी पुन्हा धुळ्याला गेलो, खरं सांगायला. माझा नंबर आला. डॉक्टरांनी मला ओळखलं आणि त्यांची मान खाली गेली. मी म्हणालो, "माझं पोट जळतं."

त्यांनी मलाही सहा गोळ्या दिल्या. त्याच धर्मशाळेत मी त्या एकट्याने घेतल्या. सकाळी फोटोत पिशवी स्पष्ट दिसली, पांढरी, लहान वांग्याएवढी.

"सगळ्या घेतल्या होत्या ना?" त्यांनी दोनदा विचारलं. आता ते प्रत्येकाला दोनदा विचारतात, असं नर्स म्हणाली.

"सगळ्या," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

"तुम्हाला काही झालेलं नाही. जा घरी."

मी उठलो आणि घरी आलो. तो फोटो तिच्या पेटीत, लुगड्यांखाली ठेवला आहे. डॉक्टर अजून धुळ्यातच आहेत. चूक आपली झाली, असं त्यांना अजून वाटत असेल. हे सगळं लिहिलेला हा कागद उद्या त्यांच्या हातात द्यायचा आहे. तोंडाने मला सांगता येणार नाही.